रोड बाइकचा हँडलबार आणि स्टेम बदलताना: सहा महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पाऊस पूर्ण थांबल्यावर मी माझ्या रोड बाइकच्या हँडलबारची जुनी टेप बदलण्यासाठी उलगडली, तेव्हा उजवा ब्रेक लिव्हर ज्या ठिकाणी आवळलेला असतो तिथे खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर साचलेला दिसला. तो ओल्या फडक्याने पुसला, तर खाली ॲल्युमिनियमला बारीक खड्डे पडलेले होते आणि त्यांतल्या दोन खड्ड्यांत नखाचे टोक अडकत होते. घामातले मीठ टेपखाली साचून राहते, ठाण्याच्या दमट हवेत तिथली ओल लवकर सुकत नाही आणि धातू हळूहळू पोखरला जातो. पावसाळ्याचे चार महिने मी सायकल घरातच होम ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवता येणाऱ्या स्टँडवर, चालवते. तिथे समोरून वारा लागत नसल्यामुळे घाम थेंबाथेंबाने थेट हँडलबारवर पडतो. येऊरच्या उतारावर हँडलबारचे खाली वळलेले भाग, म्हणजे ड्रॉप, धरून ब्रेक लावताना शरीराचा पुढचा सगळा भार ज्या नळीवर येतो, ती नळी अशी पोखरलेली असताना तिच्यावर नवी टेप गुंडाळून मोकळे होणे मला शक्य नव्हते. धातूला तडा जातो तो बहुतेकदा अशा खड्ड्यापासूनच सुरू होतो.

बदलायचाच आहे तर नीट मापाचा घ्यावा, असे ठरवण्यामागे दुसरेही कारण होते. ही सायकल मी जुनी विकत घेतली होती आणि तिचा हँडलबार आधीच्या मालकाने स्वतःच्या खांद्यांच्या मापाने बसवलेला होता. तासाभरानंतर माझी करंगळी आणि अनामिका बधिर होत असे आणि मानेच्या मागे कळ येत असे. दोन वर्षे मी हातमोजे बदलले, टेपखाली जेलचे पॅड लावले, सीट पुढेमागे करून पाहिली. हँडलबारचे माप मात्र एकदाही घेतले नव्हते.

शेवटी जे घेतले ते आधी सांगते, म्हणजे पुढचे वाचायला सोपे जाईल. हँडलबार झिप कंपनीचा सर्व्हिस कोर्स 70, ॲल्युमिनियमचा, 38 सेंमी रुंदीचा. आणि स्टेम, म्हणजे हँडलबारला सायकलच्या पुढच्या दांडीशी जोडणारा तुकडा, रिची कंपनीचा फोर-ॲक्सिस, 90 मिमी लांबीचा आणि 6 अंशांचा. दोन्ही वस्तू आणि बसवण्याचे काम नौपाड्यातील एका जुन्या सायकल दुकानात झाले. मी त्या दुकानात शिरले तेव्हा माझ्या मनात यांपैकी एकही वस्तू नव्हती. आमच्या सकाळच्या गटातल्या एका अनुभवी सायकलस्वाराने, मान दुखते म्हटल्यावर, “70 मिमीचा स्टेम टाक, सगळे ठीक होईल,” असे सांगितले होते, आणि मी तेवढेच वाक्य घेऊन गेले होते.

दुकानदाराने स्टेम दाखवण्याऐवजी मला भिंतीला पाठ लावून उभे केले आणि दोन्ही खांद्यांच्या टोकाच्या हाडांमधले अंतर मोजले. ते 37 सेंमी भरले. माझ्या सायकलवरचा हँडलबार 42 सेंमीचा होता. “ताई, तुमचे हात रोज दोन्ही बाजूंना फाकलेले राहतात, त्यात स्टेमचा काय दोष?” असे ते म्हणाले, आणि मला वाटते की या सगळ्या व्यवहारातला सर्वांत मोलाचा प्रश्न तोच होता. खांद्यांच्या रुंदीइतका किंवा त्याहून एखादा सेंटीमीटर अधिक रुंद हँडलबार, ही सुरुवात करण्यासाठी चांगली खूणगाठ आहे. तो अंतिम नियम नव्हे. काहींना चढावर उभे राहून पेडल मारताना थोडी जास्त रुंदी हवीशी वाटते आणि खडबडीत वाटांवर जाणाऱ्यांना ती खरोखर उपयोगी पडते. तरीही पाच सेंटीमीटरचा फरक हा आवडीनिवडीचा भाग राहत नाही.

रुंदीच्या बाबतीत एक गोष्ट वाचकांनी पक्की लक्षात ठेवावी, कारण ऑनलाइन मागवताना इथेच सर्वाधिक चूक होते. बहुतेक कंपन्या हँडलबारची रुंदी एका नळीच्या मध्यापासून दुसऱ्या नळीच्या मध्यापर्यंत मोजतात, तर डेडासारखी इटालियन कंपनी ती बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजते. नळीची जाडी साधारण 24 मिमी असते, म्हणून एका कंपनीचा ‘42’ हा दुसऱ्या कंपनीचा जवळजवळ ‘40’ असतो. त्यात पुन्हा काही हँडलबारचे ड्रॉप खाली जाताना बाहेरच्या बाजूला उघडतात, त्यामुळे हुडपाशी, म्हणजे ब्रेक लिव्हरच्या वरच्या रबरी मुठीपाशी, एक रुंदी आणि टोकाशी दुसरी, असे दोन आकडे निघतात. हात दिवसभर हुडवर असतो. तेव्हा हुडपाशी काय भरते ते विचारावे, आणि दुकान जवळ असेल तर सरळ मोजपट्टी लावावी. अलीकडे स्पर्धकांमध्ये फार अरुंद हँडलबारची चढाओढ सुरू झाली होती आणि आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने 2026 पासून रोड रेससाठी बाहेरून बाहेर किमान 400 मिमीची मर्यादा घातली. माझा 38चा हँडलबार बाहेरून मोजला तर 40 सेंमीच्या किंचित वर जातो, म्हणजे ज्याला मी अरुंद समजत होते तो त्या मर्यादेतही बसतो.

आता स्टेमचा मुद्दा. सीटपासून हातापर्यंतचे अंतर केवळ स्टेमवर ठरते असे आपण धरून चालतो, आणि तिथेच फसतो. हँडलबार स्टेमच्या पकडीपासून जितका पुढे जाऊन वळतो त्याला त्याचा रीच म्हणतात, आणि वरच्या नळीपासून खालच्या नळीपर्यंतची जी खोली असते तिला ड्रॉप. माझ्या जुन्या हँडलबारचा रीच 85 मिमी आणि ड्रॉप 145 मिमी होता. झिपच्या या हँडलबारचा रीच 70 मिमी आणि ड्रॉप 128 मिमी आहे. म्हणजे हँडलबार बदलल्याबरोबर, स्टेमला हातही न लावता, माझे हुड 15 मिमी जवळ येणार होते. त्यावर माझ्या जुन्या 100 मिमीच्या स्टेमच्या जागी 70चा लावला असता तर एकूण 45 मिमी कमी झाले असते, गुडघे कोपरांना येऊन भिडले असते, आणि पुढच्या चाकावरचा भार कमी होऊन उतारावर सायकल हलकी लागली असती.

दुकानात त्यांनी सायकल ट्रेनरवर चढवली, लांबी आणि कोन बदलता येणारा एक तात्पुरता स्टेम लावला आणि मला वीस-वीस मिनिटांच्या तीन फेऱ्या पेडल मारायला लावले. सीटच्या टोकापासून हुडच्या खोलगट भागापर्यंतचे अंतर त्यांनी प्रत्येक वेळी वहीत लिहून ठेवले. मूळ अंतरापेक्षा 25 मिमी कमी केल्यावर माझी कोपरे आपोआप सैल वाकली आणि मान उचलून धरावी लागेनाशी झाली. त्यांतले 15 मिमी हँडलबारच्या रीचने मिळत होते. उरले 10, म्हणून 90 मिमीचा स्टेम. इतका साधा हिशेब मी घरी बसून करू शकले असते, पण कोणते दोन आकडे एकत्र मिळवायचे हेच मला ठाऊक नव्हते. हँडलबार आणि स्टेम हे एकाच मापाचे दोन तुकडे आहेत आणि ते वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या विचाराने विकत घेऊ नयेत, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

याच संदर्भात, हँडलबार अरुंद केला की स्टेम तेवढा लांब करावा लागतो, असे काहीजण आग्रहाने सांगतात. मी कागदावर मांडून पाहिले: हाताची लांबी 60 सेंमी धरली आणि प्रत्येक हात बाहेर जाण्याचे अंतर अडीच सेंटीमीटरवरून अर्ध्या सेंटीमीटरवर आणले, तर हाताची पुढची पोच अर्ध्या मिलिमीटरने बदलते. तेवढ्यासाठी स्टेमचे माप बदलण्याचे कारण नाही.

उंचीचा विचारही मापानेच करावा. 6 अंशांचा स्टेम उलटा करून लावता येतो, आणि दुकानात जाण्याआधी घरच्या घरी करून पाहण्यासारखा हा बिनखर्चाचा प्रयोग आहे. पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कची वरची दांडी, म्हणजे स्टीअरर, सरळ उभी नसून साधारण 73 अंशांत मागे कललेली असते. त्यामुळे 90 मिमीचा स्टेम उलटा केला तर हँडलबार सुमारे 18 मिमी वर येतो आणि त्याचबरोबर पाच-साडेपाच मिमी जवळही येतो. स्टीअररवर स्टेमच्या खाली-वर बसणाऱ्या कड्यांचे, म्हणजे स्पेसरचेही तसेच आहे: 10 मिमीचा स्पेसर स्टेमच्या वरून काढून खाली घातला की उंची जवळजवळ तितकीच वाढते, पण पोच सुमारे 3 मिमी कमी होते. मी स्टेम खालच्या कोनातच ठेवला आणि त्याखाली 20 मिमीचे स्पेसर घातले. स्टीअरर इतक्यात कापू नका, असे दुकानदाराने स्वतःहून सांगितले, आणि उरलेला एक स्पेसर स्टेमच्या वर बसवून दिला. कापलेली दांडी पुन्हा वाढवता येत नाही, आणि शरीराला नवे माप रुळायला महिना-दीड महिना लागतो.

जोडणीच्या मापांबद्दल थोडक्यात लिहिते. आजच्या बहुतेक रोड बाइकवर हँडलबारचा मधला भाग 31.8 मिमी आणि स्टीअरर 28.6 मिमी व्यासाचा असतो. माझ्या दोन्ही वस्तू याच मापाच्या आहेत, त्यामुळे कंपन्या वेगळ्या असूनही अडचण आली नाही. डेडाचे हँडलबार 31.7 मिमीचे असतात, तेव्हा त्यांच्यासोबत त्यांचाच स्टेम घेणे चांगले. जुन्या सायकलींवर 26.0 किंवा 25.4 मिमीचे हँडलबार आढळतात, आणि दांडी आत घालून वरून आवळायचा 22.2 मिमीचा जुना स्टेम असेल तर हे सगळे गणितच निराळे होते. ज्यांच्या नव्या सायकलीत केबल आणि ब्रेकच्या नळ्या स्टेमच्या आतून जातात, त्यांनी तर आधी मेकॅनिकला विचारल्याशिवाय काहीही मागवू नये, कारण तिथे हँडलबार बदलणे म्हणजे ब्रेकचे काम पुन्हा पहिल्यापासून करणे होऊ शकते.

कार्बनचा विचार मी केला आणि सोडून दिला. ॲल्युमिनियमच्या आणि कार्बनच्या हँडलबारमध्ये साधारण 60 ते 100 ग्रॅमचा फरक पडतो, आणि माझ्या भरलेल्या पाण्याच्या बाटलीतले पाणीच 750 ग्रॅमचे असते. रस्त्याची बारीक थरथर चांगला कार्बन हँडलबार अधिक शोषून घेतो, हे खरे आहे, आणि घोडबंदर रस्त्यावरच्या उड्डाणपुलांचे सांधे ओलांडताना ते मला हवेसेही वाटते. पण माझी सायकल लोकलच्या सामानाच्या डब्यातूनही प्रवास करते, इमारतीच्या जिन्याला टेकते आणि कधी इतर सायकलींच्या गर्दीत आडवी पडते. कार्बनला आतून इजा झालेली वरून दिसेलच असे नाही. ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळणारे, कोणाचेही नाव नसलेले किंवा नामांकित कंपनीचे नाव नुसते छापलेले कार्बन हँडलबार तर कोणीही घेऊ नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. वाचलेल्या पैशांपेक्षा समोरचे दात आणि गळ्याखालचे हाड कितीतरी महाग आहे.

बसवण्याचे काम मी तिथेच बसून पाहिले. आधी स्टेमचे बाजूचे दोन बोल्ट सैल ठेवून वरच्या टोपीचा बोल्ट इतकाच फिरवला की हेडसेटमधली, म्हणजे फोर्क ज्या बेअरिंगवर वळतो तिथली, खडखड जाईल आणि हँडल मात्र मोकळे वळेल. मग स्टेम पुढच्या चाकाच्या रेषेत आणून बाजूचे बोल्ट आवळले. वरचा बोल्ट स्टेमला धरून ठेवत नाही, तो फक्त बेअरिंगवर दाब देतो, हे अनेकांना माहीत नसते आणि ते त्यालाच जोर लावत बसतात. पुढच्या झाकणाचे चार बोल्ट त्यांनी तिरक्या क्रमाने, थोडे थोडे करून आवळले, आणि वरची व खालची फट सारखी आहे ना हे डोळा लावून पाहिले. शेवटचा आवळ टॉर्क रेंचने, 5 न्यूटन-मीटरवर. ज्यांच्याकडे टॉर्क रेंच नाही, त्यांनी एका संध्याकाळपुरता तो मागून आणावा. मनगटाच्या अंदाजावर माझा अजिबात विश्वास उरलेला नाही. कार्बन स्टीअरर असेल तर तिथे ग्रीस न लावता कार्बनसाठीची घर्षण वाढवणारी पेस्ट वापरावी आणि बोल्टवरच्या आकड्याचे काटेकोर पालन करावे.

हँडलबार चार सेंटीमीटरने अरुंद झाल्यामुळे केबलची आवरणे लांब पडत होती. ती नव्याने कापून ब्रेकच्या आणि गिअरच्या तारा बदलल्या. माझ्या सायकलवर आठ गिअरचा क्लॅरिस संच आहे आणि त्याच्या दोन्ही केबल टेपखालून जातात, तेव्हा टेप गुंडाळण्याआधीच गिअर चढवून-उतरवून पाहणे आवश्यक होते. लिव्हरची जागा मात्र मला दोनदा बदलून घ्यावी लागली. पहिल्या दिवशी हुड थोडे वर उचललेले होते. आठ दिवसांनी परत गेल्यावर त्यांनी अर्धी टेप सोडवून ते सपाट केले आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

दुकानाच्या सेवेत दोन गोष्टी मला खटकल्या आणि त्या सांगितल्या पाहिजेत. 38 सेंमीचा हँडलबार त्यांच्याकडे नव्हता; ठाण्यात 40 आणि 42 सहज मिळतात, त्याहून लहान माप मागवावे लागते, आणि त्यासाठी ‘चार दिवस’ सांगितले असताना सतरा दिवस लागले. त्या काळात मला दोनदा फेरी पडली. माझ्यासारख्या मापाच्या स्त्रिया येऊरला आणि पाम बीचला दर रविवारी पुष्कळ दिसतात, तेव्हा एक-दोन लहान माप दुकानात ठेवणे अवघड नसावे. दुसरी गोष्ट म्हणजे, मोजमाप करून देण्याचे शुल्क आधी स्पष्ट सांगितले नव्हते. ते रास्त होते आणि मी ते आनंदाने दिले, पण आकडा आधी कळायला हवा होता. हँडलबार, स्टेम, टेप, तारा, मोजमाप आणि मजुरी मिळून साडेतेरा हजारांच्या आसपास खर्च आला. या बदल्यात मला एक वस्तू विकून मोकळे होण्याऐवजी, मी मागितलेली चुकीची वस्तू न विकणारा माणूस भेटला, आणि त्यासाठी मी या दुकानात पुन्हा जाईन.

आता वापराबद्दल. नोव्हेंबरपासून मेपर्यंत सुमारे 2,100 किमी झाले. पहिले आठ-दहा दिवस सायकल फार चपळ वाटली. स्टेम आखूड आणि हँडलबार अरुंद झाल्यामुळे हात थोडा हलला तरी चाक वळत होते, आणि येऊरहून उपवनकडे उतरताना मी वेग मुद्दाम कमी ठेवला. तिसऱ्या आठवड्यापासून ते अंगवळणी पडले. ड्रॉप 17 मिमीने उथळ झाल्याचा फायदा मात्र पहिल्याच उतारावर जाणवला: पूर्वी मी खाली हात नेणे टाळत असे, आता वळणाआधी सहज खालचा भाग धरते आणि माझी लहान बोटे ब्रेकपर्यंत पूर्ण पोहोचतात. उतारावर ब्रेकवर दोन बोटे नीट बसणे ही सुरक्षिततेची गोष्ट आहे, त्यामुळे या एका फरकासाठीही मी हा हँडलबार लहान हातांच्या सायकलस्वारांना सुचवेन.

सर्वांत लांब परीक्षा रविवारच्या फेरीत होते. विटाव्यामार्गे ऐरोली, तिथून वाशी आणि मग पाम बीच रस्त्याने बेलापूरच्या किल्ले जंक्शनपर्यंत जाऊन परत, असा आमचा नेहमीचा मार्ग आहे. पूर्वी वाशी येईपर्यंत करंगळी बधिर होत असे आणि मी एक हात सोडून झटकत असे. आता बेलापूरहून परत फिरेपर्यंत तसे होत नाही. परतीच्या वाटेवर शेवटच्या काही किलोमीटरमध्ये उजव्या तळव्याला थोडी झिणझिणी येते, विशेषतः ठाणे-बेलापूर रस्त्याच्या खराब पट्ट्यानंतर. ॲल्युमिनियमचा हँडलबार ती थरथर हातापर्यंत आणतोच, आणि त्यावर मी जाड टेप हा उपाय करून पाहणार आहे. मानेची कळ पूर्ण गेली. पाम बीचवर खाडीकडून आडवा वारा सुटतो तेव्हा हात जवळ असल्यामुळे शरीराचा फुगा कमी होतो, असेही वाटते, पण ते मी मोजलेले नाही.

सहा महिन्यांत स्टेम एकदाही घसरला नाही किंवा कुरकुरला नाही. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर बोल्ट तपासून घेतले होते, तेव्हा एकही सैल पडलेला नव्हता. पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल जोराने पिळून पाहण्याची सवय मात्र मी दर महिन्याला ठेवली आहे.

ज्यांचे हात लांब आहेत, ज्यांना स्पर्धेत खूप खाली वाकून बसायचे असते, त्यांना 128 मिमीचा ड्रॉप आणि 70 मिमीचा रीच अपुरा वाटेल. त्यांनी याच कारणासाठी खोल हँडलबार पाहावा. मध्यम किंवा लहान बांध्याच्या, आठवड्यातून तीन-चार वेळा दोन-अडीच तास चालवणाऱ्या माणसाला ही जोडी योग्य आहे, आणि दोन्ही वस्तू साध्या गोल मापाच्या असल्यामुळे पुढे एकच बदलायची वेळ आली तरी दुसरी कामात राहते.

जुना हँडलबार मी घरी नेण्यासाठी मागितला होता. दुकानदाराने तो माझ्यासमोर करवतीने मधोमध कापला आणि मग भंगाराच्या पेटीत टाकला, कारण पांढरा थर पुसून तो पुन्हा कोणाच्या तरी सायकलवर चढू नये. या पावसाळ्यात ट्रेनरवर बसताना मी हँडलबारवर जाड टॉवेल टाकणार आहे, आणि सप्टेंबरच्या अखेरीस टेप उलगडून उजव्या लिव्हरखालची जागा पाहणार आहे.